वणव्यानंतरचा कायदा कोणासाठी धावतो?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात मोठा वणवा लागला. ४ जुलैला वीज पडून आग सुरू झाली. आठवडाभराने वाऱ्यामुळे ती भडकली आणि उद्यानाच्या उत्तर काठावरचे प्रसिद्ध ग्रँड कॅन्यन लॉज जळून खाक झाले. आजूबाजूच्या अनेक इमारतीही गेल्या. त्यानंतर ॲरिझोना राज्याच्या लोकप्रतिनिधींनी तिथल्या संसदेत एक विधेयक मांडले. त्याचा आशय सरळ आहे. नेहमीच्या सरकारी कंत्राट पद्धतीने गेलो तर वर्षानुवर्षे जातील, म्हणून उद्यान खात्याला खास अधिकार द्या आणि पुनर्बांधणी लवकर होऊ द्या.

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरात बसून तुम्ही अमेरिकेतल्या लॉजची चिंता कशाला करता, असे कोणी विचारील. आम्हाला लॉजची चिंता नाही. आम्हाला त्या विधेयकातून निघणाऱ्या प्रश्नाची चिंता आहे. जंगलाला आग लागली की कायदा कोणासाठी धावतो? कोणाला वर्षानुवर्षे दारात उभा ठेवतो? आणि ती आग विझवायला कोणाला पुढे घालतो? हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्याशी जोडलेला आहे. आपल्या चळवळीत पाण्याच्या हक्काचा इतिहास सांगितला जातो, जमिनीच्या हक्काचाही सांगितला जातो. जंगल, माळरान आणि वणवा यांचा इतिहास मात्र आपण 'तो आदिवासींचा विषय' म्हणून बाजूला ठेवतो. तसे करून चालणार नाही.

लॉजला पाच वर्षे, माणसांना सत्तेचाळीस

ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान १९१९ मध्ये घोषित झाले. उत्तर काठावरचे ते लॉज १९२८ मध्ये बांधले गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये ते एकदा जळाले होते आणि १९३७ मध्ये पुन्हा उभे राहिले. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती, लोकांच्या हाताला काम नव्हते, तरी पाच वर्षांत पर्यटकांसाठी इमारत परत उभी झाली.

ज्या १९२८ साली लॉज पहिल्यांदा उघडले, त्याच साली त्याच दरीत, दक्षिण काठाखालच्या एका झऱ्याजवळून हवासुपाई जमातीच्या शेवटच्या रहिवाशाला घालवून देण्यात आले. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या झऱ्यावर शेती करत होते. उद्यान झाले आणि ते स्वतःच्याच जमिनीवर उपरे ठरले. त्यांना त्यांच्या मूळ प्रदेशातली सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली ती १९७५ च्या कायद्याने. म्हणजे शेवटचा माणूस हाकलल्यानंतर ४७ वर्षांनी. ज्या झऱ्याजवळून त्यांना हाकलले त्या जागेला त्यांचे नाव मिळायला २०२२ साल उजाडले.

इमारत जळाली तर ते राष्ट्राचे नुकसान आणि माणसे उठवली तर ती प्रशासकीय बाब, असा हा हिशेब आहे. ही रीत फक्त अमेरिकेची नाही. आपल्याकडे इंग्रजांनी जो वन कायदा केला आणि जो आजही चालू आहे, त्यात ती कलमांच्या रूपाने बसवलेली आहे.

आग एकाची, शिक्षा सगळ्या गावाला

इंग्रज सरकारने पहिला वन कायदा १८६५ मध्ये केला, १८७८ मध्ये तो कडक केला आणि १९२७ मध्ये सगळे एकत्र करून भारतीय वन अधिनियम आणला. डोंगर, कुरणे, गायराने वन खात्याच्या घशात कशी गेली आणि त्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा कशी उरली नाही, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात १८८३ मध्येच मांडले होते. म्हणजे वन खात्याची पहिली मोठी बहुजन चिकित्सा आपल्याच परंपरेत झाली आहे.

१९२७ हे साल तुम्हाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. या दोन तारखांच्या मध्ये, २१ सप्टेंबर १९२७ रोजी, हा वन अधिनियम मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठा सगळ्यांचा आहे हे आपले लोक सिद्ध करत होते, तेव्हा सार्वजनिक रान सरकारचे आहे हे सरकार पक्के करत होते.

या कायद्याचे कलम २६ राखीव जंगलाबद्दल आहे. आग लावणे हा गुन्हा आहे असे ते सांगते. त्यात चूक काही नाही. पण त्याच कलमाचे तिसरे पोटकलम पुढे जाते. राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली तर, गुन्हेगाराला शिक्षा झालेली असली तरीही, त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार त्याला वाटेल तितक्या काळासाठी बंद ठेवू शकते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आग लावली एकाने. तो सापडला, त्याला शिक्षाही झाली. तरी त्या रानात शेळ्या चारणाऱ्या विधवेची चराई बंद, सरपण आणणाऱ्या भूमिहीनाचे सरपण बंद. किती दिवस? सरकारला वाटेल तितके दिवस. ज्याच्या घरी कडब्याच्या गंजी आहेत त्याचे यात काही बिघडत नाही. ज्याचे जनावर रोज रानावरच जगते त्याचे सगळे जाते. वणव्यानंतर जंगल सावरण्याचा हा इंग्रजी मार्ग होता. जंगलाला विश्रांती द्यायची आणि तिची किंमत सगळ्यात गरीब माणसाकडून वसूल करायची. हे पोटकलम आजही कायद्याच्या पुस्तकात आहे.

विझवायला कोण? कलम ७९ आणि महार वतन

याच कायद्याचे कलम ७९ आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. जंगलाला आग लागली तर खबर देणे आणि ती विझवायला धावणे कोणावर बंधनकारक आहे, हे ते सांगते. ज्यांना जंगलात हक्क आहेत किंवा चराईची परवानगी आहे ते, त्यांचे नोकर, आणि जंगलालगतच्या गावात जे सरकारी नोकरीत आहेत किंवा गावाच्या सेवेसाठी सरकारकडून मोबदला घेतात ते सगळे. हे काम टाळले तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८७८ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती.

आता विचार करा, मुंबई इलाख्यातल्या गावात 'गावाच्या सेवेसाठी सरकारकडून मोबदला घेणारे' कोण होते? पाटील होता, कुलकर्णी होता आणि १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्दे अधिनियमाखाली कनिष्ठ वतनदार म्हणून नोंदलेला महार होता. आमच्या वाचनाप्रमाणे हे कलम तिघांनाही लागू होत होते. पण ज्या गावगाड्यात हुकूम वरून खाली येतो आणि सगळ्यात खाली महारवाडा आहे, तिथे पाटलाने 'जा' म्हणायचे आणि महाराने रानात धावायचे हेच घडणार. सरकारी टपाल पोचवणे, सारा वसुलीसाठी लोकांना बोलावणे, साहेबाचे सामान वाहणे, मेलेले ढोर ओढणे, या यादीत वणव्याच्या वर्दीची आणखी एक भर.

मोबदला काय? थोडी इनाम जमीन, जी पिढीगणिक वाटण्या होऊन तुकडे झालेली, आणि गावाच्या मर्जीवर मिळणारे बलुते. कामाची वेळ चोवीस तास. घरातला कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे. ही वतनी नोकरी नव्हती, वेठबिगारी होती, हे बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात सांगितले.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी हे वतन सुधारण्यासाठी विधेयक मांडले. वतनदार महाराला या बंधनातून सुटण्याचा मार्ग मिळावा आणि बलुत्याच्या भिकेऐवजी ठरलेला रोख मोबदला मिळावा, हा त्याचा गाभा होता. विधेयक प्रवर समितीकडे गेले. तिथे त्याची इतकी मोडतोड झाली की १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव-वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ चा, आणि तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. विधेयक मांडल्यापासून ३१ वर्षांनी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

म्हणजे १९२८ या एका सालात तीन गोष्टी झाल्या. पर्यटकांसाठी लॉज उघडले, हवासुपाईचा शेवटचा माणूस बाहेर गेला आणि महाराच्या वेठीला पर्याय देणारे विधेयक मुंबईत अडकायला सुरुवात झाली. समाजशास्त्रात ज्याला रचना म्हणतात ती हीच. हजारो मैलांवरचे दोन देश, दोन सरकारे, पण कोणाला थांबवायचे हे दोन्हीकडे आधीच ठरलेले.

स्वातंत्र्यानंतरचा वेग

स्वतंत्र भारतात हे बदलले का? तारखा पाहू.

जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरण्यापूर्वी केंद्राची परवानगी सक्तीची करणारा वन संवर्धन कायदा २५ ऑक्टोबर १९८० रोजी अध्यादेशाने लागू झाला. एका दिवसात. त्याने जंगलतोडीला लगाम बसला, हे आम्ही मान्य करतो. पण कायद्याला एका दिवसात धावता येते हेही त्यातून कळले.

जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये मंजूर केला, २९ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. लागू कधी झाला? ३१ डिसेंबर २००७ रोजी. सही होऊनही एक वर्ष तो कागदावर पडून राहिला. शिवाय त्यात आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींवर, म्हणजे दलित, धनगर, भटके यांच्यावर, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा देण्याची अट घातली. ज्यांच्या आज्याला सही येत नव्हती, त्यांनी ७५ वर्षांचा पुरावा आणायचा.

आणि २०२३ ची वन संवर्धन दुरुस्ती? २९ मार्चला लोकसभेत विधेयक, संयुक्त समिती, २ ऑगस्टला राज्यसभेची मंजुरी, १ डिसेंबरपासून अंमल. सीमेजवळचे काही प्रकल्प परवानगीच्या कचाट्यातून सुटले. सरकारी प्राणिसंग्रहालये, सफारी आणि निसर्ग पर्यटनाच्या काही सोयी 'वनेतर वापर' राहिल्या नाहीत. पर्यटनासाठी कायदा असा चालतो.

जमिनीचेही तेच. पडीक सरकारी जमीन अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी द्या, ही बाबासाहेबांची मागणी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये आहे. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. महाराष्ट्रात मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला २८ नोव्हेंबर १९९१ रोजी. सत्याग्रहानंतर २७ वर्षांनी. त्यातलीही किती कुटुंबे अजून सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालत आहेत, हे चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

नागझिऱ्याचे तीन मजूर

८ एप्रिल २०२१. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. नवेगाव राष्ट्रीय उद्यान याच प्रकल्पाचा भाग आहे. नागझिऱ्याच्या जंगलात लागलेली आग विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले, दोघे जखमी झाले. उन्हाळ्यापुरते कामावर घेतलेले हे लोक होते.

त्यांची जात आम्ही शोधत बसत नाही. त्यांच्या नोकरीचा प्रकार पुरेसे सांगतो. आग विझवण्याचे सगळ्यात जोखमीचे काम सगळ्यात कच्च्या नोकरीवर टाकले आहे. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडमधल्या बिनसर अभयारण्यात वणव्यात वनकर्मचारी मेले, त्यांतही रोजंदारीचा माणूस होता. १९२७ मध्ये वतनाच्या नावाने जे काम सक्तीने घेतले जायचे, ते आज हंगामी मजुरीच्या नावाने घेतले जाते. सक्ती गेली, पण पोटाची गरज आहे तिथे सक्तीची गरज उरत नाही.

ग्रँड कॅन्यनच्या विधेयकात इमारती लवकर उभारण्याचा विचार आहे. नागझिऱ्यानंतर आपल्याकडे हंगामी वनमजुराला कायम नोकरीची आणि विम्याची कायदेशीर हमी देण्यासाठी कोणी विधेयक घेऊन विधानभवनात धावले का?

आपल्या माळावर

आता आमच्या भागाकडे येऊ. बारामती म्हटले की लोकांना ऊस आणि कालवा दिसतो. तालुक्याचा आमचा पश्चिमेकडचा पट्टा, लोणी भापकर, मोरगाव, सुपे, हा जिरायती आहे. इथे डोंगरी जंगल नाही, माळरान आहे. सुप्याजवळ १९९७ मध्ये चिंकारा हरणांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचे माळ आहे. पुणे वनविभागाने अलीकडे कडबनवाडी आणि आपल्या तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे.

माळावर गवत वाळले की फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात. कोणी बांध पेटवतो, कोणी विडी टाकतो, कोणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून पेटवतो. वन खाते जाळरेषा काढते, ते आवश्यकच आहे. पण गवताचा नियम असा की ते चरले, कापले तर कमी राहते, आणि नुसते राखले तर वाळून साठते आणि आग जास्त भडकते. म्हणजे चराई पूर्ण बंद करून माळ वाचत नाही. किती जनावरे, कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात, हे ठरवावे लागते. ते ठरवण्याच्या बैठकीत धनगर आणि शेळ्या पाळणारी बौद्धवाड्यातली, मातंग वस्तीतली बाई असली पाहिजे.

दुसरी गोष्ट. सरकारी भाषेत माळरान म्हणजे 'पडीक', 'निकृष्ट'. म्हणून तिथे झाडे लावायची. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याने या कामाला पक्का निधी मिळाला. जंगल एका ठिकाणी प्रकल्पात जाते आणि त्याची भरपाई म्हणून दुसरीकडच्या माळावर खड्डे खोदले जातात. गवतावर जगणाऱ्या चिंकाऱ्याला गर्द झाडीचा उपयोग नाही, शेळीवाल्यालाही नाही. वणव्यानंतर 'पुनर्निर्माण' म्हणून जर गिरिपुष्पाची रोपे आणि तारेचे कुंपण येणार असेल, तर ती माळाची पुनर्बांधणी नव्हे.

मग वेग नको का?

काही मित्र म्हणतील, तुम्ही आंबेडकरवादी लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता. आग लागल्यावर तातडी नको का? जंगल वाचवायला नको का?

तातडी हवीच. संविधानाच्या अनुच्छेद ४८-अ ने जंगल आणि वन्यजीव राखण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे, ५१-अ ने ते नागरिकांवरही टाकले आहे. आम्ही ते मानतो. पाणी, गवत आणि झाड गेले की पहिला मार भूमिहीनाला बसतो, त्यामुळे जंगल राखण्यात आपला स्वार्थच आहे. आमचा आक्षेप वेगाला नाही, एकांगी वेगाला आहे. कंत्राट ३० दिवसांत देता येत असेल तर हक्काचा दावा ३० वर्षे का? तातडीच्या नावाखाली ग्रामसभा, सुनावणी आणि तपासणी गाळली जाते तेव्हा ती गाळण्याची झळ ज्यांना बसते त्यांची नावे ठरलेली असतात.

म्हणून वणव्यानंतरच्या पुनर्बांधणीसाठी कुठलाही कायदा, नियम किंवा शासन निर्णय येवो, आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

पहिली, इमारती आणि कुंपणांसाठी जी मुदत, तीच मुदत बंद केलेले चराईचे व वनोपजाचे हक्क परत देण्यासाठी आणि प्रलंबित वनहक्क दावे निकाली काढण्यासाठी. दुसरी, वन अधिनियमाच्या कलम २६ मधले सामूहिक शिक्षेचे पोटकलम रद्द करा. तिसरी, आग विझवणाऱ्या हंगामी मजुराला वर्षभराचे काम, विमा, साहित्य, प्रशिक्षण आणि मृत्यू झाल्यास कायम कर्मचाऱ्याइतकी भरपाई. चौथी, माळरान माळरानच राहू द्या. पाचवी, पुनर्बांधणीचा आराखडा ग्रामसभेत आणि त्याआधी वस्तीच्या बैठकीत मांडा, कारण ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण मागे उभा राहतो हे आपण जाणतो.

तरुणांनी यात काय करायचे? आपापल्या गावच्या वनजमिनीचे, गायरानाचे नकाशे आणि गाव नमुने माहिती अधिकारात मागवा. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या: कुठे चारायचे, कुठून सरपण आणायचे, कोणत्या साली बंद झाले. वनहक्काच्या दाव्यात ज्येष्ठांचे लेखी निवेदन हा मान्य पुरावा आहे. जुनी वतनाची कागदपत्रे, कोतवाल बुकातल्या नोंदी जपा. वतनाचे कागद आपण लाजेने फेकून दिले. पण ज्या कागदाने आपल्याला वेठीला धरले, तोच कागद आपले पूर्वज या गावात, या रानाशी बांधलेले होते याचा पुरावा देतो. तो वापरायला शिकले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात एक साधा प्रश्न लावून धरला होता: काम घेता, तर मोबदला आणि सुटका का देत नाही? वणव्याच्या प्रत्येक कायद्याला आपण तोच प्रश्न विचारायचा आहे. या उन्हाळ्यात माळ पेटेल तेव्हा झाडाची फांदी घेऊन धावणारा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असेल. आग विझल्यावर त्या माळाचे काय करायचे हे ठरवताना त्याला खुर्ची मिळाली पाहिजे. ती कोणी आणून देणार नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

जय भीम! जय संविधान!